दोनशे अकरा म्हाताऱ्या

बाई नाण्याचा वास घ्यायच्या. टांगेवाल्याने, वाण्याने, भाजीवालीने मोड हातावर ठेवली की बाकीचे लोक ती मोजून घेतात; बाई ती नाकाशी न्यायच्या. आधी एक बाजू, मग दुसरी. समोरचा माणूस अवघडून जायचा. आपण खोटं नाणं दिलं की काय, अशी त्यालाच शंका यायची. मग बाई सावकाश म्हणायच्या, "घामाचा वास आहे. चालेल," आणि आणा बटव्यात टाकायच्या.

एकदा एका नव्या टांगेवाल्याने धीर करून विचारलं, "बाई, वासावरनं खोटं कळतं काय?"

"खोटं नाही कळत," बाई म्हणाल्या. "पण सकाळपासून तू चार विड्या ओढल्यास ते कळतं."

त्या दिवसापासून बाई टांग्यात असल्या की तो विडी कानावरच ठेवायचा.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. माझे यजमान अंबरनाथच्या एका कारखान्यात होते आणि आम्ही बदलापुरात दोन खोल्यांचं बिऱ्हाड केलं होतं. मला तिथल्याच शाळेत नोकरी मिळाली. बाई त्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवायच्या आणि राहायच्या आमच्या शेजारच्या खोलीत, भिंतीला भिंत लावून. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने काटकुळ्या, फिकट रंगाचं नऊवारी. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, पुढे शिकून मास्तरीण झाल्या, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. आम्हा बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र असायचं. बाईंच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक भिंग असायचं. पहिल्या दिवशी हेडमास्तरांनी ओळख करून दिली तेव्हा बाईंनी ते भिंग डोळ्याला लावून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरी आहे. फार घासलेली दिसत नाही."

मला वाटलं, बाई विक्षिप्त आहेत. तुम्हालाही तसंच वाटलं असतं. महिन्याभराने कळलं की त्यांच्या तोंडची ती मोठी शाबासकी होती.

बाईंना जुन्या नाण्यांचा नाद होता. जुनी म्हणजे आजीच्या डब्यातली नव्हेत, हजार-दोन हजार वर्षं जमिनीत राहून आलेली. ती कधी नांगराला लागतात, कधी विहिरीच्या गाळात येतात, कधी मोडीच्या दुकानात खिळ्यांबरोबर पडलेली असतात. लोकांना ते मातीचे खडे वाटायचे, बाईंना कळायचं. आणलेलं नाणं त्या कधीही घासायच्या नाहीत. तांब्यावर जी काळपट हिरवी साय धरते ती म्हणजे नाण्याची कातडी, असं त्यांचं म्हणणं. ती सोलली की तिच्यावरचं चित्रही जातं, हाती नुसती चकती राहते. म्हणून आधी नाणं शुद्ध पाण्यात ठेवायचं, आठ-आठ दिवसांनी पाणी बदलायचं. मग महिनोन्‌महिने गोड्या तेलात. मग भिंगाखाली धरून बाभळीच्या काट्याने कणाकणाने माती उचलायची, ड्रॉइंग मास्तरांकडून मागून आणलेल्या मऊ ब्रशाने झटकायची. शेवटी उन्हात सुकवून मेणाचा पुसट हात, आणि कागदाच्या पुडीत घालून पत्र्याच्या डब्यात. डब्यात दमट होऊ नये म्हणून फडक्यात बांधलेली चुनकळी. एखाद्या नाण्यावर पोपटी भुकटी उठली तर बाई म्हणायच्या, "हिला देवी आल्या," आणि ते वेगळ्या डब्यात जायचं, इतरांना लागण नको म्हणून.

"धुवायचं नाही. भिजू द्यायचं." हे वाक्य दिवसातून दहादा यायचं, आणि ते नाण्यांपुरतं नव्हतं. वर्गात एखादी मुलगी उत्तराला अडली आणि बाकीच्या हसू लागल्या की बाई म्हणायच्या, "हसू नका. तिला भिजू दे." शाळातपासनीस वर्गात येऊन गप्प बसले तरी बाई आम्हाला हळूच सांगायच्या, "भिजतायत."

तेलातली नाणी त्या लोणच्याच्या बरण्यांत ठेवायच्या, आणि खऱ्या लोणच्याच्या बरण्याही त्याच फळीवर. एकदा घरात तोंडी लावायला काही नव्हतं म्हणून मी भिंतीवर थाप मारली. पलीकडून आवाज आला, "दार उघडं आहे. दुसरी बरणी घे." मी डावीकडून दुसरी घेतली, बाईंची दुसरी उजवीकडून होती. यजमानांनी खार समजून ते काळं तेल भाकरीवर ओतलं, पहिला घास घेतला आणि कट्‌ असा आवाज झाला.

मी धावत बाईंना बोलावून आणलं. बाई आल्या, खाली बसल्या. "कुठे लागलं?"

"दाताला," यजमान गाल धरून म्हणाले.

"दात काय, दुसऱ्या बाजूने चावता येईल हो. नाण्याला कुठे लागलं?"

थुंकलेल्या घासातून त्यांनी ते नाणं उचललं, पदराच्या टोकाने टिपलं, भिंगाखाली धरलं. काही झालेलं नव्हतं. मग मात्र त्यांनी यजमानांना चूळ भरायला लावून लवंग आणून दिली. आमच्या घरी त्यानंतर कितीतरी दिवस लोणचं आधी उजेडात धरून बघायची पद्धत पडली.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

एका संध्याकाळी आम्ही दोघी बाजारात भेंडी घेत होतो. भाजीवाली जवळच्या सोनिवली गावची, चांगुणाबाई नावाची. तिने ताजव्यात भेंडी टाकली. दुसऱ्या पारड्यात वजन थोडं कमी पडत होतं म्हणून तिने कनवटीतून दोन चकत्या काढून त्यात टाकल्या. एक लखलखीत तांब्याची, एक मातकट हिरवी. पारडी समान झाली.

बाईंनी भेंडी घेतली नाही. त्यांनी पारड्यातली हिरवी चकती उचलली आणि नाकाशी नेली. एरवी दोन्ही बाजू हुंगल्या की नाणं बटव्यात जायचं; त्या दिवशी त्यांनी लगेच भिंग डोळ्याला लावलं.

"ही कुठे मिळाली गं?"

"आमचे शेतान," चांगुणाबाई म्हणाली. "बांध खणताना गाडगं गावलं. हिरवंहिरवं ढेकूळ होतं, चिकटलेलं. मी काय सोडतंय? चिंच नि राख लावून घासली. दहा घासली. बगा, कशी सोन्यावानी झाली."

लखलखीत चकती तिने अभिमानाने आमच्यापुढे धरली. तिच्यावर काही नव्हतं. ना अक्षर, ना चित्र. आरशासारखी कोरी.

मला वाटलं आता बाई तिला झाडणार. त्यांनी चकती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा. बाकीची घासलीस का?"

"कुटं वेळ हाय? आयतवारी तांबट येणार हाय. वजनावर नवा हंडा देतंय म्हनला."

"रविवारपर्यंत हात लावू नकोस," बाई म्हणाल्या. "हात दुखतील. मी येते रविवारी."

परत येताना वाटेतल्या तळ्यापाशी आल्यावर मी विचारलं, "तुम्ही तिला काही बोलला नाहीत. दहा नाणी गेली."

"काय बोलू?" त्यांनी बटव्याच्या तळातून एक कोरी चकती काढून माझ्या हातावर ठेवली. तशीच, चांगुणाबाईच्या चकतीसारखी. "आमच्या ह्यांना नाद होता नाण्यांचा. बावीस होती डब्यात. ते गेल्यावर त्यांच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी ती सगळी काढली आणि चिंचेने घासली. वाटलं, छान दिसावीत. दिसलीही. पुढे दोन वर्षांनी पुण्याला एका जाणत्या माणसाला दाखवली, तेव्हा त्याने डोक्याला हात लावला." बाईंनी चकती परत घेतली. "प्रेमाने घासली ना मी. दुष्टाव्याने कुणी एवढं घासत नाही. तिला कशाला सांगायचं? तिला वाटू दे सोनं झालं."

चकती बटव्याच्या तळाशी गेली.

रविवारी सकाळी बाईंनी बैलगाडी सांगितली आणि गाडीत आपला बंब चढवला. बंब म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा, पोटात विस्तव घालायचा, आईकडून आलेला. बदलापुरात थंडीत तो पेटला की आम्हा शेजाऱ्यांनाही एक-एक बादली गरम पाणी मिळायचं. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्याला जरा हवापालट."

सोनिवलीला चांगुणाबाईच्या अंगणात तांबट तराजू लावूनच बसला होता. चांगुणाबाईचा नवरा धर्मा, मितभाषी माणूस, गाडगं मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी नवाकोरा हंडा चमकत होता. बाई खाली बसल्या, ओळख-पाळख झाली, गुळाचा चहा झाला. मग बाई तांबटाला म्हणाल्या, "तुमच्यासारखा जाणता माणूस भेटलाय तर एक काम करा. माझा हा बंब बघता? लोक म्हणतात यात भेसळ आहे."

कारागिराला एवढं पुरे. त्याने बंब वाजवून बघितला, तळ खरवडला, सांधा तपासला. "भेसळ? कोन बोलला?" तो म्हणाला. "बाई, असा तांबा आता मिळत नाय. आमच्या आज्याच्या वक्ताचा माल हाय. असे चार हंडे याच्यात बसतील."

"चार?" बाई म्हणाल्या.

"चार काय, पाच."

बाई चांगुणाबाईकडे वळल्या. "ऐकलंस? हे स्वतः सांगतायत. मी हा बंब देते, तू ते गाडगं दे."

तांबटाच्या तोंडावरून एक-एक करत सगळे रंग गेले. आता बंबाला नावं ठेवावीत तर शब्द फिरवल्यासारखं होणार, अन् तेही धर्माच्या अंगणात. चांगुणाबाईने धर्माकडे पाहिलं, धर्माने बंबाकडे. गाडगं बाईंच्या मांडीवर आलं.

त्या हिवाळ्यात बाईंनी रॉकेलच्या डब्यात पाणी तापवलं. आम्हीही.

नाण्यांचं ढेकूळ घेऊन घरी आल्यावर बाई चहाला न थांबता अर्ज लिहायला बसल्या. जमिनीत सापडलेलं धन सरकारला कळवावं लागतं. न कळवलं तर ज्याच्या शेतात सापडलं त्याला तुरुंग. अर्ज त्यांनी मला वाचून दाखवला. "मौजे सोनिवली येथील एका शेतात बांध खणताना तांब्याचे काही जुने मळके तुकडे मिळाले आहेत. ते भिजत घातले आहेत. भिजून झाल्यावर सादर करीन. कळावे."

"एवढंच?" मी म्हटलं. "नाण्यांचा शब्दच नाही यात."

"कारकुनाला घाई होईल असा एकही शब्द नाही," बाई म्हणाल्या. "सगळं खरं आहे, आणि वाचून झोप येईल असं आहे."

दुसऱ्या दिवशी अर्ज रजिस्टरने तालुक्याच्या कचेरीला गेला. पोस्टाची पावती बाईंनी अर्जाच्या नकलेला टाचणीने टोचून ठेवली.

एवढ्या नाण्यांना शुद्ध पाणी आणायचं कुठून? उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात एका सिंधी माणसाचं बॅटऱ्या भरून देण्याचं दुकान होतं. नाव टहलराम. सिंधमध्ये मोठा व्यापार होता, इथे पत्र्याच्या शेडमध्ये बसायचा. बॅटरीत घालायचं गाळीव पाणी त्याच्याकडे मिळायचं. बाई दर शनिवारी अंबरनाथला उतरून चालत जायच्या, कधी मीही. पहिल्यांदा दोन मोठ्या बाटल्या मागितल्या तेव्हा तो काळजीने म्हणाला, "बाईजी, ये पीने का नहीं है. पेट बिगड़ेगा."

"मला नको," बाई म्हणाल्या. "घरी दोनशे म्हाताऱ्या आहेत. त्यांना लागतं. साध्या पाण्याने त्यांच्या अंगावर पुरळ उठतं."

मी पदर तोंडात धरला. टहलराम गंभीर झाला.

पुढच्या शनिवारी पाण्याबरोबर टोपलीभर कमळकाकडी होती. त्याच्या पुढच्या शनिवारी पापडांची चळत, आणि पाण्याचे पैसे तो घेईना. "दो सौ बुढ़ियों को सँभालती हो आप. मी काय पैसे घेणार, साईं? माझी पण आई इथेच कॅम्पात गेली."

बाहेर आल्यावर बाई कधी नव्हे त्या ओशाळल्या होत्या. "थट्टा फार भिजली," म्हणाल्या. "आता काढली पाहिजे."

रविवारी त्यांनी टहलरामला घरी बोलावलं. तो स्वच्छ पायजमा-सदरा घालून आला, हातात बुंदीचा पुडा, म्हाताऱ्यांसाठी. बाईंनी त्याला चटईवर बसवलं आणि बरण्यांतून काढून धुतवस्त्रावर एकेक नाणं मांडलं. "ह्या," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले. रागवायचं तर रागवा."

टहलराम खाली वाकून एकेक नाणं बघू लागला. मग म्हणाला, "दो सौ साल की हैं?"

"दोन हजार. सातवाहन राजांच्या काळातल्या."

"दो हज़ार साल ज़मीन के अंदर." त्याने एक नाणं बोटाच्या टोकाने हलकेच शिवलं. "और किसी ने पूछा नहीं, कहाँ की हो." मग त्याच्या मिशा हलल्या. "फिर तो बाईजी, पापड़ कम भेजे मैंने."

त्याने बुंदीचा पुडा आमच्या हातात ठेवला. पाण्याचे पैसे त्याने पुढेही घेतले नाहीत, आणि दर शनिवारी विचारायचा, "बुढ़ियाँ कैसी हैं?" बाई प्रत्येकीची खबर सांगायच्या. अमकीला देवी आल्यात, तमकीचं नाक दिसू लागलंय.

असे अकरा महिने गेले. निम्म्याहून जास्त नाणी निघाली होती. चांगुणाबाईने घासलेली दहासुद्धा बाईंनी मागून आणली होती. वहीत प्रत्येक नाण्याला एक ओळ होती. त्या दहांच्या ओळींत लिहिलं होतं, 'कोरे. चूक अजाणता.' कोऱ्यांसकट एकूण दोनशे अकरा.

आणि एका सुट्टीच्या दुपारी कचेरीचा अव्वल कारकून सायकलवरून दारात उतरला. धोतराला चाप, डोक्याला काळी टोपी, चेहरा स्टँपपेपरसारखा. तांबटाने तक्रार केली होती की सोनिवलीच्या धर्माने गुप्तधन लपवलं आणि मास्तरणीने ते पळवलं. आवाज ऐकून मी बाईंच्या खोलीत जाऊन उभी राहिले. माझ्या डोळ्यांपुढे धर्माच्या हातातल्या बेड्या दिसत होत्या.

"गुप्तधन कुठे आहे?" त्याने विचारलं.

"लोणच्याच्या शेजारी," बाई म्हणाल्या. "बसा. पाणी घ्या. नाही, ती बाटली नको, ती त्यांची आहे."

"हे हसण्यावारी नेऊ नका. कळवलं का नाहीत?"

बाईंनी अर्जाची नक्कल आणि पावती पुढे ठेवली. त्याने वाचली. परत वाचली. टोपी काढून बाजूला ठेवली. अर्ज त्याच्याच टेबलावरून फायलीत गेला होता. तारीख बघून त्यालाच ते आठवलं असावं.

"अकरा महिने उत्तर आलं नाही," बाई सौम्यपणे म्हणाल्या. "मी समजले, सरकार विचार करतंय."

त्याने पावती नकलेला पुन्हा नीट टाचली. "ठीक आहे," शेवटी म्हणाला. "धर्मावर काही येणार नाही. पण सोमवारी सगळा माल कचेरीत हवा. साहेबांपुढे ठेवायचाय. असा काळा नाही ठेवता यायचा. शिपायाला सांगून चिंचेने लख्ख करून घेऊ."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा हात गळ्यातल्या भिंगाकडे गेला, आणि मग त्यांनी ते काढून कारकुनाच्या हातात दिलं. बरणीतून एक मातकट नाणं काढलं, एक बाभळीचा काटा दिला.

"एक तुम्हीच साफ करून न्या. कसं करायचं ते दाखवते. शिपायाला सांगता येईल."

तो नाखुशीने बसला. दहा मिनिटं काटा कुठे टोचावा तेच कळेना. मग मातीचा एक कण निघाला, मग आणखी एक. बाईंनी चहा ठेवला, तो गार झाला. उन्हं कलली. मी दोनदा घरी जाऊन आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा तो नाण्यावर पार वाकला होता, चष्मा कपाळावर चढवलेला.

"सोंड आहे हो," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"अजून पाय आहेत," बाई म्हणाल्या. "चार. घाई केलीत तर तीन राहतील."

तो उठला तेव्हा अंधारून आलं होतं. चाप लावता लावता म्हणाला, "सोमवारी जमणार नाही. पंचनाम्याला वेळ लागतो. नीट व्हायला हवं." दारातून परत वळला. "शनिवारी माझी अर्धी सुट्टी असते."

पुढचे पाच महिने तो दर शनिवारी आला. चष्म्याच्या डबीत स्वतःचे निवडक काटे घेऊन यायचा. दोघं समोरासमोर बसायचे, तास-तास बोलायचे नाहीत. कधी मधेच त्याचा आवाज, "बाई, हिला डोळा आहे." बाईंचा आवाज, "असू दे. लाजवू नका तिला." कचेरीत तो 'काम चालू आहे' एवढं लिहून पाठवायचा. त्याच्या घरी बायको आजारी होती, आणि पोटी मूल नव्हतं, हे आम्हाला फार नंतर कळलं.

शेवटी द्यायचा दिवस आला. चटईवर वही उघडली, पत्र्याची पेटी मांडली. मोजायचं काम माझं. एकेक पुडी वहीशी ताडून मी पेटीत ठेवत गेले. संपलं तेव्हा माझा आकडा दोनशे नऊ होता. पुन्हा मोजलं. दोनशे नऊच.

"दोन कमी आहेत," मी म्हटलं.

कारकून खिडकीतून सायकलकडे बघत होता. बाई आढ्याकडे. वहीवर पंच म्हणून सही माझी होती.

शेवटी कारकुनाने घसा साफ केला. चष्म्याची डबी उघडली, काट्यांच्या खालून एक पुडी काढली आणि चटईवर ठेवली. त्याचा हत्ती होता. चारही पाय शाबूत. त्याचे कान लाल झाले होते. तो मान वर करेना.

बाईंनी त्या पुडीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

"बरं झालं तुम्ही आधी काढलंत," त्या म्हणाल्या. "मला एकटीला फार लाज वाटली असती." आणि त्यांनी कमरेचा बटवा सोडून दुसरी पुडी त्याच्या पुडीशेजारी ठेवली.

मग कोण आधी हसलं ते सांगता येणार नाही. मी त्या कारकुनाला त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं. डोळे पुसत तो म्हणाला, "बाई, नोकरी गेली असती माझी." बाई म्हणाल्या, "आणि माझी पेन्शन. ठेवा त्या पेटीत लवकर, विचार बदलायच्या आत."

पेटी सुतळीने बांधून सायकलच्या कॅरियरवर चढवली. बाई रस्त्यापर्यंत गेल्या. "खड्डे बघून चालवा," एवढंच म्हणाल्या. तो गेला, दिसेनासा झाला, तरी त्या उभ्याच. घरात आल्यावर त्यांनी रिकाम्या बरण्या सोडा घालून धुतल्या, पालथ्या घातल्या, आणि मला म्हणाल्या, "उद्या लिंबं आण. एवढ्या बरण्यांचं करायचं काय?"

ती नाणी पुढे मुंबईला गेली असं ऐकलं. धर्माला सरकारकडून शिक्क्याचा कागद आला. त्याला वाचता येत नव्हतं, तो त्याने देवाजवळ लावला.

पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि साताऱ्याला पुतण्याकडे गेल्या. जाताना स्टेशनवर टहलराम आला होता, कारकूनही. दोघांची त्या दिवशी पहिल्यांदा ओळख झाली आणि गाडी सुटल्यावर दोघं बरोबर चहा प्यायला गेले. बाईंची पत्रं यायची, दोन-दोन ओळींची. 'इथे माती लाल आहे. शोध चालू आहे.' 'पुतसुनेला विळी घासू नकोस म्हटलं, ती रागावली.' दीड वर्षाने पुतण्याचं पत्र आलं. ते शाळेच्या पत्त्यावर आलं होतं आणि शिपायाने मधल्या सुट्टीत माझ्या हातात दिलं. काकू गेल्या, त्रास झाला नाही, असं होतं.

मी पत्र वाचत होते तेवढ्यात घंटा झाली. बाई साताऱ्याला गेल्यापासून सातवीचा इतिहास माझ्याकडे होता. वर्गात गेले, मुली उभ्या राहिल्या, बसल्या. त्या दिवशी सातवाहनांचा धडा होता. पुस्तकात त्यांना साडेचार ओळी दिल्या होत्या. एका मुलीने त्या मोठ्याने वाचल्या आणि ती पुढच्या धड्याचं पान उलटू लागली.

"थांब," मी म्हटलं. "पुस्तकं मिटा."

आणि तास संपेपर्यंत मी त्यांना सोनिवलीच्या धर्माच्या शेताबद्दल सांगत राहिले.